जेट बोटीच्या पोटात पाणी: ‘कुठून’ विचारण्याआधी ‘कधी’ विचारा

पोळ्याच्या सुमारास धरणं भरत येतात आणि माझा फोन वाजायला लागतो. “भाऊ, बोटमा पानी उनं.” बस, एवढंच. किती आलं, कधी आलं, चालवताना की उभी असताना, यातलं काही नाही. पाणी आलं म्हणजे तळ फुटला, हे समोरच्याने मनाशी ठरवलेलं असतं आणि फोन केलेला असतो तो फायबरवाल्याचा नंबर मागायला.

माझा मूळ धंदा पंपदुरुस्तीचा. केळीच्या पट्ट्यात विहिरीवरचे, नदीवरचे पंप उघडण्यात अर्धं आयुष्य गेलं. एका गिऱ्हाइकाने जेट बोट दारात आणून उभी केली आणि म्हणाला, “हाही पंपच आहे ना, बघा.” त्याचं म्हणणं खरं निघालं. जेट बोट म्हणजे आडवा बसवलेला पंप आणि त्याच्याभोवती बांधलेली होडी. तळाला जाळी, जाळीतून पाणी आत, आतला पंखा, म्हणजे इंपेलर, ते मागे ढकलतो, नळीच्या तोंडातून धार सुटते आणि बोट पुढे पळते. आपल्याकडे अशा बोटी मोजक्याच, पण घेणाऱ्याला कारण असतं. अक्राणी-अक्कलकुव्याकडे नर्मदेच्या फुगवट्यात बुडालेल्या झाडांचे बुंधे आहेत, तापीत ठिकठिकाणी मासेमारीची जाळी आहेत. मागे उघडा पंखा लटकणाऱ्या इंजिनाला हे सगळं आपटतं, अडकतं. जेटचा पंखा पोटात झाकलेला असतो.

मात्र पंखा पोटात घेतला की बाहेरच्या पाण्याला आत यायची दारंही वाढतात. इंजिनाचा शाफ्ट पाण्याच्या बोगद्यात शिरतो ती जागा, कचरा काढायचं झाकण, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्या, सुकाणू आणि रिव्हर्सच्या केबली मागच्या भिंतीतून जातात ती भोकं, एक्झॉस्ट, आणि सगळ्यात खाली, पोटातलं पाणी बाहेर सोडायच्या भोकाचं बूच. तळाची चीर यात शेवटून पहिली.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. पहिल्या वर्षी एका बोटीच्या तळाला मी तीन वेळा फायबर मारलं. तिन्ही वेळा पाणी आलं. चौथ्यांदा बोट पालथी घालायच्या तयारीत असताना सोबतच्या पोराने बूच हातात घेतलं आणि विचारलं, “याचं वायसर कुठंय?” वायसर नव्हतंच. दहा-वीस रुपयांची वस्तू. तेव्हापासून स्वस्तातलं आधी, हा नियम मी मोडत नाही.

लक्षणं आधी, पाना नंतर

बोटीच्या पोटाचा जो सर्वांत खोल भाग, जिथे पाणी जमतं, त्याला बिल्ज म्हणतात. ते आधी पूर्ण कोरडं करा. पंपाने उपसून भागणार नाही. पंपाखाली बोटाच्या जाडीएवढं पाणी उरतंच. स्पंज घ्या, चिंधी घ्या, हाताने पुसा. मग बोट काठाजवळ पाण्यात बांधून ठेवा, इंजिन बंद, बिल्ज पंपाचा आपोआप चालणारा स्विच बंद, आणि घड्याळ लावून एक तास बसा. तासाने जमलेलं पाणी लिटरच्या मापाने मोजून काढा आणि आकडा लिहून ठेवा. नंतर दहा मिनिटं हळू चालवा, थांबून मोजा. मग दहा मिनिटं वेगात, पुन्हा मोजा. हे तीन आकडे हाती आले की निम्मं निदान झालंच.

इंजिन बंद ठेवून उभ्या बोटीत पाणी चढत असेल तर संशय पाण्याच्या पातळीखालच्या वस्तूंवर: बूच, शाफ्टचं सील, जेट युनिट तळाला बसवलेली किनार, आणि मग तळ.

उभी असताना कोरडी, चालवली की पाणी, आणि थ्रॉटल वाढवला की धारही वाढते, तर ते थंड पाण्याच्या नळ्यांकडे किंवा कचऱ्याच्या झाकणाकडे बोट दाखवतं. बहुतेक जेट बोटींत इंजिन थंड करायचं पाणी जेटच्या दाबाच्या बाजूनेच घेतात. इंजिन बंद तर दाब नाही, दाब नाही तर धार नाही.

फक्त रिव्हर्स घेतल्यावर किंवा वेगातून एकदम थांबल्यावर पाणी येत असेल तर मागच्या भिंतीतली केबलची भोकं बघा. रिव्हर्सला बादलीसारखं झाकण खाली येतं आणि धार पुढच्या बाजूला वळते. मागे पाणी उसळतं आणि एरवी कोरडी राहणारी भोकं बुडतात.

बिल्ज पंप चालतो, पोट रिकामं होतं, पंप बंद झाला की थोड्या वेळात पुन्हा भरतं. ही गळती बहुधा पंपाचीच असते. याबद्दल पुढे.

बोट ट्रेलरवर, आठ दिवस पाण्यात उतरलेली नाही, तरी पोटात पाणी. तो पाऊस तरी असतो नाहीतर फोम.

पाण्याला हातही लावून बघा. कोमट असेल तर ते इंजिनातून फिरून आलंय. थंड असेल तर सरळ बाहेरून. वर तेलाची सप्तरंगी साय असेल तर इंजिनाच्या तेलाचं दांडकं ओढून बघा. तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर हा लेख इथेच ठेवा, इंजिन सुरू करू नका आणि मेकॅनिकला बोलवा. ते दुखणं वेगळं आणि महागडं आहे.

आणि पेट्रोलचा वास आला तर कुठलाच स्विच दाबू नका. बिल्ज पंपही नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या पोटात साचून बसते आणि स्विचची एक ठिणगी पुरते. झाकणं उघडा, माणसं उतरवा, पाणी डबड्याने उपसू नका, त्यावर पेट्रोल तरंगत असू शकतं. गळणारी पेट्रोलची नळी हा घरगुती उपायाचा विषय नाही.

बूच

हसू नका. सर्वांत जास्त वेळा हेच निघतं. एक इंची भोक पाण्याखाली फूटभर असेल तर मिनिटाला चाळीसेक लिटर पाणी आत येतं. दहा मिनिटांत चारशे किलो. म्हणजे बूच विसरलेली बोट आणि पाच-सहा जादा माणसं बसवलेली बोट यात फरक नाही, फक्त ही माणसं उतरत नाहीत.

बूच लावलेलं असूनही गळतं, त्याची कारणं तीन. वायसर कडक होऊन चिरलेलं असतं. आट्यांमध्ये वाळूचा कण अडकून बूच तिरकं बसतं. नाहीतर बूच ज्या पितळी चकतीत बसतं ती चकतीच भिंतीपासून सुटलेली असते. पहिली दोन तुमच्या हातातली. जुन्या टूथब्रशने आटे साफ करा, नवं वायसर टाका, हाताने घट्ट करा आणि वर पान्याने थोडंसं. जोर लावून चकती फिरवलीत तर तिसरं कारण तुम्ही स्वतः तयार केलंत. चकती सुटली असेल तर स्क्रू काढून तिच्यामागचं लाकूड टाचणीने टोचून बघा. टाचणी लोण्यासारखी आत गेली तर भिंतीत पाणी मुरलंय. तिथे थांबा.

पाऊस, ताडपत्री आणि फोम

भाद्रपदातल्या एका रात्रीत ताडपत्रीच्या खळग्यात साचलेलं पाणी सकाळी वाऱ्याने सगळं बोटीत ओततं. त्याला गळती म्हणत नाहीत. बोट पुसून कोरडी करा, पाण्यात न उतरवता दोन दिवस ठेवा, सांध्यांखाली जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या अंथरा. कुठली पट्टी भिजली ते कागद सांगतो. डेकची झाकणं, काचेची चौकट, रेलिंगचे स्क्रू, हे सगळं घरच्या नळीने एकेक करून भिजवून तपासता येतं. खालून वर जा. वरून सुरुवात केली की ओघळ सगळीकडे पसरतो आणि काहीच कळत नाही.

फोमची गोष्ट जरा वेगळी. बोट बुडू नये म्हणून फरशीखाली फोम भरलेला असतो. जुना फोम पाणी पितो आणि मग दिवसेंदिवस थेंब थेंब सोडत बसतो. लोक महिनाभर गळती शोधतात आणि पाणी गेल्या वर्षीचं असतं. ओळखायची माझी एक युक्ती आहे. आपल्याकडे जिनिंगच्या आवारात वजनकाटे आहेत. हंगामाच्या सुरुवातीला ट्रेलरसकट बोटीचं वजन करून पावती जपून ठेवा. शंका आली की टाकी तेवढीच भरलेली ठेवून पुन्हा काट्यावर न्या. हे काटे पाच-दहा किलोच्या टप्प्याने मोजतात, आपल्याला तेवढं पुरे. वजन शंभर किलोने वाढलं तर फोमने शंभर लिटर पाणी प्यायलंय. अशी बोट मागे बसते, पाण्यावर उठायला वेळ घेते, पेट्रोल जास्त खाते. फोम बदलायचा म्हणजे फरशी कापावी लागते. ते काम कारखान्यातलं.

बिल्ज पंप उलटा चालतो तेव्हा

पंपाच्या नळीचं बाहेरचं तोंड बोटीच्या बाजूला असतं. बोट रिकामी असताना ते पाण्याच्या वर असतं. सहा माणसं बसली, मागे दोन ड्रम ठेवले की बोट खाली बसते आणि तोंड बुडतं. पंप बंद झाला की तीच नळी वक्रनळी होऊन बाहेरचं पाणी आत खेचते. शेतात टाकीतून नळीने पाणी काढताना एकदा तोंडाने ओढलं की पुढे आपोआप चालतं ना, तसंच.

तपासणी फुकट आहे. पोट रिकामं झाल्यावर पंपाची नळी काढून तिचं टोक खाली, पोटातच धरा. त्यातून पाणी येतच राहिलं तर चोर सापडला. उपायही सोपा: नळी पाण्याच्या पातळीच्या चांगली वर, डेकच्या खालपर्यंत नेऊन वळसा द्या, वळशाच्या माथ्यावर हवा आत घेणारी छोटी झडप बसवा आणि मग बाहेर सोडा. बरेच जण नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने सोडणारी झडप, बसवून मोकळे होतात. मी पंपवाला असून सांगतो, बिल्जमध्ये त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. तिथलं पाणी म्हणजे केस, शेवाळ, फोमचा भुगा. काडी अडकली की व्हॉल्व्ह उघडाच राहतो, नाहीतर बंदच राहतो आणि मग पंप नुसता घरघरतो.

नळ्या, क्लिपा आणि आपला मे महिना

जळगाव-भुसावळचा उन्हाळा कुणाला सांगायला नको. पारा पंचेचाळिशीच्या वर आणि बोट अंगणात ट्रेलरवर, बहुतेक वेळा उघडी. रबर सुकतं, कडक होतं, क्लिपेच्या खाली चेपून तसंच राहतं. बाहेरून नळी ठणठणीत दिसते. दोन बोटांत दाबून वाकवा. आतल्या वळणावर बारीक भेगांचं जाळं दिसलं की बदला. एक बदलायची तर त्याच वयाच्या सगळ्या बदला, कारण बाकीच्या पुढच्या महिन्यात रांगेत उभ्याच असतात. क्लिपा गंज न धरणाऱ्या पोलादाच्या घ्या, आणि क्लिपेचा स्क्रूसुद्धा त्याच पोलादाचा आहे ना ते लोहचुंबक लावून बघा. पट्टी चांगली आणि स्क्रू साधा असा माल बाजारात भरपूर आहे.

चालू असताना बघायचं तर दोन माणसं लागतात. एक सुकाणूवर, दुसरा झाकण उघडून टॉर्च घेऊन. दोघांच्या अंगात जीवरक्षक जॅकेट, गळ्यात उपरणं-गमछा नको, बाह्या दुमडलेल्या, हात पट्ट्यापासून लांब. काठाजवळच चालवा. नळ्यांच्या सांध्यांवर आधी खडूची पूड उधळून ठेवा. ओल आली की पांढऱ्यावर काळा ओघळ उठून दिसतो.

बोट ट्रेलरवर असताना इंजिन तसंच सुरू करून बघायचा मोह होतो. कोरडा पंप चालवू नये हे शेतकऱ्याच्या पोरालाही कळतं, पण बोट म्हटली की विसरतात. पाण्याशिवाय शाफ्टचं सील मिनिटाभरात भाजतं. नळी जोडून चालवायची सोय असेल तर पाणी आधी की इंजिन आधी, हा क्रम कंपनीच्या पुस्तकात असेल तोच पाळा. इंजिन बंद असताना पाणी सोडत राहिलं तर ते एक्झॉस्टमधून उलटं सिलेंडरात शिरू शकतं.

एक्झॉस्टच्या नळीभोवती काजळी मिसळलेलं पाणी दिसलं तर बोट बाहेर काढा आणि दुरुस्ती होईपर्यंत चालवू नका. जिथून पाणी येतं तिथून धूरही येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड झालं, मळमळलं की लोक उन्हाला दोष देतात. बंद शेडमध्ये तर ही तपासणी कधीच करू नका.

झाकण आणि केबलचे बूट

जाळीतून आत शिरलेला कचरा काढायला जेटवर एक झाकण असतं. पुरात वाहून आलेल्या केळीच्या खांबांचे धागे शाफ्टला असे गुंडाळतात की सुरीने कापून काढावे लागतात. कचरा निघतो, घाईत झाकण बसतं आणि त्याच्या रबरी कडीवर, म्हणजे ओ-रिंगवर, एक धागा राहून जातो. तेवढ्या फटीतून वेगात फवारा उडतो. इंजिन बंद, किल्ली खिशात, आणीबाणीत इंजिन बंद करणारी दोरी काढलेली, मगच झाकण उघडा. खालून जाळीत हात घालतानाही हाच नियम. ओ-रिंग पुसा, चपटी झाली असेल तर बदला, खाच साफ करा, ग्रीसचा पातळ हात द्या. पंधरा मिनिटांचं काम.

केबलींच्या भोकांवरच्या रबरी टोप्यांना, म्हणजे बुटांना, उन्हाने भेगा पडतात. ते बाहेरून दिसतात, हाताने कळतात, बदलायला सोपे. पुढे चला.

शाफ्टचं सील: इथे वेळ द्या

हा माझा प्रांत, म्हणून जरा सविस्तर.

शाफ्ट बोगद्यात शिरतो तिथे पाणी अडवायच्या दोन-तीन पद्धती आहेत. काही युनिटांत आपल्या जुन्या सेंट्रीफ्युगल पंपासारखी, शाफ्टभोवती नटांनी दाबून बसवलेली ग्लँड दोरी असते, काहींत मेकॅनिकल सील, म्हणजे एकमेकींवर टेकलेल्या दोन गुळगुळीत चकत्या, काहींत ओठाची रबरी सीलं आणि मध्ये ग्रीस. तुमच्याकडे कोणतं आहे ते पुस्तकात बघा, अंदाजाने पाना लावू नका. दोरीच्या ग्लँडने चालताना मिनिटाला थोडे थेंब सोडणं हा दोष नाही, तेच तिचं वंगण. थेंब पूर्ण थांबेपर्यंत नट आवळणारे लोक शाफ्ट जाळतात. मेकॅनिकल सीलने मात्र गळायचंच नाही.

हंगामातल्या पहिल्या दिवशी दोरीचा ग्लँड जास्त गळतो, कारण उन्हाळाभर ती वाळलेली असते. तासभर पाण्यात राहू द्या, धार थेंबांवर येते का बघा. आली तर पाना खिशातच ठेवा. नाही आली तर दोन्ही नट सारखे, एका वेळी षटकोनाची एकच बाजू फिरवा, पाच मिनिटं चालवा, बंद करून ग्लँडला हात लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर सैल करा.

आवळूनही धार थांबत नाही म्हणजे दोरी संपली. जुन्या सगळ्या कड्या आकड्याने ओढून काढा. जुनीवर नवी एक कडी ढकलायची सवय पंपावर चालून जाते, बोटीवर नाही. नव्या कड्या शाफ्टवर गुंडाळून मापाने कापा, टोकं तिरकी, आणि प्रत्येक कडीचा सांधा आधीच्या सांध्यासमोर येणार नाही असा फिरवून बसवा. हे बोट पाण्याबाहेर असतानाच. दोरी काढल्यावर शाफ्टवर नख फिरवा. नख खाचेत अडकलं तर नवी दोरी महिनाभरही टिकणार नाही. शाफ्टवर बाही चढवावी लागेल किंवा शाफ्ट बदलावा लागेल. ते लेथवाल्याचं काम, आणि त्याआधी युनिट उतरवणाऱ्याचं.

शाफ्टला खाच कशाने पडते? आपल्याच गाळाने. चांगदेवला तापी आणि पूर्णा मिळतात, खाली हतनूर, आणि त्या धरणात गाळ किती आहे हे काठावरच्या माणसाला विचारा. दोन नद्यांनी आणलेली ती बारीक वाळू सीलच्या दोन गुळगुळीत चकत्यांमध्ये शिरते आणि त्यांना सहाणेसारखी घासते. गुडघाभर पाण्यात जेट सुरू केलं की तळातली वाळू थेट ओढली जाते. ज्यांच्या बोटीचं सील वर्षाला जातं, त्यांना मी एकच विचारतो: सुरू कुठे करता? उत्तर नेहमी तेच, “इथेच, काठाला.” बोट वल्ह्याने कमरेभर पाण्यात ढकला आणि मग किल्ली फिरवा.

काही युनिटांत सील आणि बेअरिंग यांच्या मध्ये खाली एक बारीक भोक ठेवलेलं असतं. त्यातून पाणी ठिबकायला लागलं की सील गेलं, आता बेअरिंगची पाळी, असा तो इशारा. एक बोट आली तेव्हा या भोकात कुणीतरी एम-सील भरलेलं होतं. गळती थांबली होती, अगदी. पाणी आत अडून बेअरिंगमध्ये गेलं आणि शाफ्ट गिरणीसारखा ओरडत होता. सीलचं काम बेअरिंगच्या किमतीत पडलं. ते भोक बुजवू नका. आणि ओठाच्या सीलांना ग्रीसगनने दाबून ग्रीस भरू नका. जास्त दाबाने ओठच उलटतात. पुस्तकात दोन पंप लिहिले असतील तर दोनच.

मेकॅनिकल सील बदलायला शाफ्ट काढावा लागतो, आणि परत बसवताना इंजिन आणि जेट एका रेषेत आहेत की नाही ते डायल गेज, म्हणजे बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापयंत्र, लावून बघावं लागतं. रेषा चुकली तर नवं सील, नवं बेअरिंग, दोन्ही थोड्याच दिवसांत जातात. डायल गेज नसेल तर इथे हात घालू नका. मी स्वतः सुरुवातीला नजरेने रेषा लावली होती. एकदाच.

तळाची चीर: उलटी परीक्षा

इथवर सगळं बघून झालं आणि उभ्या बोटीत पाणी अजून येतंय, तर आता तळ. बोट ट्रेलरवर सपाट जागी घ्या, बाहेरून कोरडी पुसा, तळाला खडूची पूड चोळा. बूच घट्ट लावून आत पाणी ओता आणि खालून बघा कुठे ओघळ उठतो. पाण्यात खाण्याचा रंग टाकला तर आणखी सोपं. बादल्या मोजून ओता: दहा बादल्या म्हणजे दीडशे-दोनशे किलो, आणि तळ ट्रेलरच्या दोन-चार आधारांवरच टेकलेला असतो. पाण्याची पातळी स्टार्टर मोटरच्या बरीच खाली असतानाच थांबा.

ओघळ जेटच्या तोंडाच्या किनारीतून आला तर तिथलं सीलंट सुटलंय. मागच्या भिंतीवर जेटच्या चकतीभोवती आला तर गॅस्केट. शाफ्टच्या बोगद्यातून आला तर घाई करू नका: ओठाची सीलं बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून एका बाजूला तोंड करून बसवलेली असतात, आतून ओतलेलं पाणी ती सोडूही शकतात. तेवढ्यावरून सील गेलं म्हणता येत नाही.

फायबरच्या तळावर रंगाच्या थरात केसासारख्या रेघा असतात. त्या बहुतेक वरवरच्या. त्यांच्याभोवती नाण्याने ठोकत जा. टणटण आवाज आला तर ठीक. एके ठिकाणी तो बोदा झाला, ओल्या लाकडावर ठोकल्यासारखा, तर थर सुटलेत आणि आत पाणी आहे. वरून पट्टी मारून ते आत कोंडू नका. ॲल्युमिनियमच्या बोटीला तर शेताच्या फाटकाची वेल्डिंग करणाऱ्याकडे नेऊच नका. ॲल्युमिनियमचं वेल्डिंग वेगळं, यंत्र वेगळं, हात वेगळा. साध्या रॉडने चिरेचं भोक होतं. आपल्या काठांवरचा काळा पाषाण बोट ओढताना तळ सोलतो, त्यामुळे मधली कणा-रेघ आणि जाळीची पुढची कड आधी बघा.

बोटीत भाड्याने माणसं नेत असाल तर तळ, मागची भिंत आणि शाफ्ट यांना घरच्या घरी हात लावू नका. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ खाली यंत्रावर चालणाऱ्या बोटीला सर्वेक्षणाचा दाखला आणि नोंदणी लागते. मोठी दुरुस्ती सर्वेक्षकाला दाखवून करा.

कोणाला बोलवायचं, कधी

माझं माप असं. उभ्या बोटीत तासाला लिटरभराच्या आत पाणी आणि आकडा आठवडाभर तोच, तर स्वतः शोधत बसायला हरकत नाही. तासाला बादली भरत असेल, किंवा काल एक लिटर आणि आज चार, तर शोध पाण्याबाहेर. बिल्ज पंपावर विसंबून फेऱ्या मारू नका. पंपावर लिहिलेला आकडा नळी, उंची आणि थकलेली बॅटरी धरून कधीच मिळत नाही, आणि बॅटरी पाण्यात बुडाली की पंपही गेला.

शाफ्टमधून घरघर, मागच्या भिंतीत मऊ लाकूड, पेट्रोलचा वास, दुधाळ तेल, काजळीचं पाणी, बोदा वाजणारा तळ. यातलं एक जरी दिसलं तरी पाना खाली ठेवा.

मेकॅनिककडे येताना ते तीन आकडे लिहिलेला कागद आणा, आणि गेल्या वेळी काय बदललं त्याची पावती. बूच काढून ट्रेलरवर आणा, पोटात पाणी घेऊन महामार्गावरून येऊ नका. आणि कृपा करून बोट धुऊन चकाचक करून आणू नका. पाणी जिथून आलं तिथून सुकलेल्या गाळाचा एक ओघळ आत उमटलेला असतो, पिवळसर, बोटाएवढा रुंद. तो बघितला की मला पाच मिनिटांत कळतं. धुतलात तर माझे दोन तास जातात, आणि त्या दोन तासांचे पैसे तुमचे.